वायोमिया टायस : शंभर मीटर सलग दोनदा जिंकणारी पहिली व्यक्ती

मैदानवेडी

गेल्या रविवारी घरी सगळे जमलो होतो. भाच्यानं प्रश्न टाकला, "ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण सलग दोनदा सगळ्यात आधी कुणी जिंकलं?" दोघं म्हणाले उसेन बोल्ट, मेहुणे म्हणाले कार्ल लुईस. मी म्हटलं वायोमिया टायस. त्यावर भाचा म्हणाला, "मावशी, ते बायकांचं झालं." मला ते लागलं. त्या पोराचा दोष नाही, नावच कुणी ऐकलेलं नसतं. म्हणून हा धागा.

लुईसची दोन सुवर्णं १९८४ आणि १९८८ ची. टायसची १९६४ आणि १९६८ ची. म्हणजे तिच्यानंतर ही गोष्ट पुन्हा व्हायला वीस वर्षं गेली. "महिलांमध्ये पहिली" असं म्हणायची गरजच नाही. पहिलीच.

तिचा जन्म २९ ऑगस्ट १९४५ चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ग्रिफिन गावचा. वडील दुधाच्या फार्मवर राबायचे. चार भावंडांत ती शेंडेफळ, तिघं थोरले भाऊ. वडिलांनी मुलांना बजावलं होतं की खेळायचं तर हिलाही घ्यायचं. त्यामुळे लहानपण सगळं भावांच्या मागे पळण्यात गेलं. जवळच गोऱ्यांची शाळा होती, पण वर्णभेदाचे दिवस, त्यामुळे काळ्या मुलांच्या लांबच्या शाळेत बसनं जायचं. ती चौदा वर्षांची असताना घर जळून खाक झालं. पुढच्या वर्षभरात वडील गेले. मुलगी अबोल झाली. कुणी काही विचारलं तर 'हो', 'नाही', संपलं. पाय मात्र थांबले नाहीत.

आणि इथे एड टेम्पल भेटतात. नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात ते मुलींचा धावण्याचा संघ चालवायचे. संघाचं नाव टायगरबेल्स. विल्मा रुडॉल्फ याच संघाची. लहानपणी पोलिओमुळे पायाला पट्टा असलेली आणि १९६० ला रोममध्ये तीन सुवर्णं मिळवणारी विल्मा आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रोमच्या रिले संघातल्या चौघीही टायगरबेल्स होत्या, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. तर टेम्पलनी एका शालेय स्पर्धेत टायसला पळताना पाहिलं आणि उन्हाळी शिबिराला बोलावलं. ही १९६१ ची गोष्ट. तीन वर्षांनी ती टोकियोत होती.

टोकियोत सगळ्यांचं लक्ष ईडिथ मॅग्वायरवर होतं. तीही टायगरबेल, तीही जॉर्जियाची, टायसची जिवाभावाची मैत्रीण. टेम्पल टायसला सांगत आले होते की तुझं वर्ष १९६८, आत्ता अनुभव घे. पण प्राथमिक फेऱ्यांतच ती ११.२ सेकंदात धावली आणि तिनं विल्माच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. अंतिम फेरीत टायस ११.४, मॅग्वायर ११.६. वय वर्षं १९. मॅग्वायरनं नंतर दोनशे मीटर जिंकलं, आणि रिलेत दोघींना रौप्य मिळालं.

मेक्सिकोबद्दल खाली सविस्तर लिहीन. आधी कुणाला आणखी काही माहीत असेल तर लिहा.


घाटमाथा

ताई, छान विषय. एक विचारायचं होतं. ही कॉलेजची धावपटू ना? मग कॉलेज पातळीवर तिची विजेतेपदं किती? अमेरिकेत तर विद्यापीठ स्पर्धांचा केवढा पसारा असतो. जेसी ओवेन्सनं १९३५ ला अॅन आर्बरला पाऊण तासात इतके विक्रम केले, ती स्पर्धा विद्यापीठांचीच होती ना?


मैदानवेडी

घाटमाथा, बरोबर नस पकडलीत. उत्तर आहे : शून्य. ती हरली म्हणून नव्हे. स्पर्धाच नव्हती.

कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना पुरुषांची आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा १९२१ पासून भरवत होती. त्याच संघटनेनं महिलांसाठी ती सुरू केली १९८२ मध्ये. टायस टेनेसी स्टेटमध्ये शिकत होती त्या काळात कॉलेजच्या मुलींसाठी देशपातळीवरची आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा अस्तित्वातच नव्हती. या मुली हौशी खेळाडूंच्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायच्या आणि तिथे सगळ्या देशाला हरवायच्या. जगातली सगळ्यात वेगवान बाई एका कॉलेजची विद्यार्थिनी होती, आणि कॉलेजच्या खेळांच्या वहीत तिच्या नावाला ओळ नव्हती. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

शिष्यवृत्तीचंही तेच. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना खेळाच्या जोरावर शिक्षण फुकट मिळायचं. टायगरबेल्सना मिळायचं काम. रोज दोन तास कॅम्पसवर कुठेतरी काम करायचं, त्यातून फी भागवायची. मग वर्ग, मग सराव. डोळ्यांसमोर आणा : गळ्यात ऑलिम्पिकचं सुवर्ण पडलेली मुलगी परत येते आणि पुन्हा ते दोन तासांचं काम चालू.


नॅशव्हिलकर

मी इथे चौदा वर्षं आहे. विद्यापीठाजवळून जाणाऱ्या रस्त्याला एड टेम्पल यांचं नाव आहे. मी कितीतरी दिवस त्या रस्त्यानं गेलो, हे टेम्पल कोण याची चौकशी केली नाही. नंतर बेसबॉलच्या मैदानापाशी त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारला, २०१५ साली, ते हयात असतानाच. तेव्हा ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्यानं सांगितलं. पुढच्याच वर्षी ते गेले.

१९५० च्या सुमारास टेम्पलना नोकरी मिळाली ती महिना दीडशे डॉलरवर, आणि त्यात कॅम्पसचं पोस्ट ऑफिस सांभाळणंही आलं. ट्रॅक म्हणजे नुसती मातीची पट्टी. जवळच शेतकी विभागाची डुकरं, वारा फिरला की वास. अशा जागी चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी चाळीस ऑलिम्पियन घडवले. पदकं २३, त्यांत सुवर्णं १३. माझ्या सहकाऱ्यानं तर पदकांचा आकडा सांगितलाच नाही. त्यानं सांगितलं ते हे की चाळिसांतल्या एकोणचाळीस मुलींनी पदवी पूर्ण केली.


मास्तर_नदीकाठचे

मी तीस वर्षं शाळेत पी.टी.चा मास्तर होतो, तेव्हा शिस्तीबद्दल दोन शब्द. टेम्पलचा नियम होता, जितकी मिनिटं उशीर तितक्या फेऱ्या. विल्मा रुडॉल्फ एकदा झोपून राहिली, सरावाला अर्धा तास उशिरा आली. तीस फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या अर्धा तास आधी येऊन ट्रॅकवर बसली होती.

हे मी मुलांना नेहमी सांगायचो. पण वय वाढलं तसं मला त्यातलं दुसरंच दिसायला लागलं. तीस फेऱ्या द्यायला कुणीही देईल. मुलगी दुसऱ्या दिवशी परत येते, तीही आधी येते, ती कशामुळे? माझ्या हाताखालची कितीतरी मुलं शिक्षा झाली की दुसऱ्या दिवशी यायचीच बंद झाली. टेम्पल या मुलींना स्वतः गाडी चालवत स्पर्धांना न्यायचे, त्यांच्या घरच्यांना शब्द द्यायचे, अभ्यासाचा हिशोब ठेवायचे. त्या मुलींचा त्यांच्यावर भरवसा होता. मी शिट्टी चांगली वाजवली, भरवसा मात्र दहाएक मुलांचाच मिळवला असेन. खंत वाटते.


रिले_चौथी

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी कॉलेजात चार बाय शंभरच्या रिलेत शेवटचा टप्पा पळायचे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला रेल्वेनं सव्वीस तास, मग बस. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पोचलो तर मुलींना कपडे बदलायला जागाच नव्हती. मुलांना एक वर्ग दिलेला, आम्हाला "बघून घ्या" सांगितलं. बसच्या मागच्या बाजूला दोघींनी ओढण्या ताणून धरल्या, आड दोघींनी कपडे बदलले, मग पाळी बदलली. माझा नंबर होता तेव्हा वाऱ्यानं ओढणी सुटली. ती पकडायला धावताना माझ्या मैत्रिणीनं खिळ्यांचा बूट नुसत्या पायावर घेतला, अंगठा फाटला. तिनं चिंधी बांधून पहिला टप्पा काढला. फक्कीनं आखलेल्या लेनवर तिच्या बुटातून लाल ठिपके पडत होते. बॅटन माझ्या हातात आलं तेव्हा ते चिकट होतं, तो घाम होता की काय ते मला आजही सांगता येणार नाही. आम्ही पाचव्या आलो.

हे सांगायचं कारण, टायगरबेल्सचे प्रवास. दक्षिणेतल्या रस्त्यांवरची हॉटेलं काळ्या माणसांना वाढत नसत, पेट्रोल पंपावरचं संडास वापरू देत नसत. म्हणून खाणं डब्यात बांधून न्यायचं आणि लघवीला गाडी शेताच्या कडेला थांबवायची. देशाचं नाव छातीवर घेऊन जगज्जेत्या होणाऱ्या मुली उसाच्या नाहीतर कापसाच्या शेताआड बसतात. आमची ओढणी सुटली ती एकदा. त्यांचं वर्षानुवर्षं.


घाटमाथा

रिले_चौथी, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. आई म्हणाली, तिच्या मैत्रिणीच्या पायाला इंजेक्शन दिलं होतं का विचार.


रिले_चौथी

दिलं, दुसऱ्या दिवशी, घरी परतायच्या आधी. आईंना नमस्कार सांगा.


मैदानवेडी

आता मेक्सिको.

१९६८ साली अमेरिकेतले काळे खेळाडू ऑलिम्पिकवर बहिष्कार घालायचा का, यावर वर्षभर चर्चा करत होते. सॅन होजे स्टेट विद्यापीठाचे धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांचं नाव त्यात पुढे होतं. बहिष्कार झाला नाही, ज्यानं त्यानं आपल्या परीनं निषेध करायचा असं ठरलं. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की या सगळ्या ठरवाठरवीत बायकांना कुणी विचारलंच नाही. विश्वविक्रम नावावर असलेल्या, आधीच सुवर्ण मिळवलेल्या टायसलाही नाही.

तिनं स्वतःपुरतं ठरवलं. संघाच्या गणवेशात पांढऱ्या शॉर्ट्स होत्या. ती गडद रंगाच्या शॉर्ट्स घालून उतरली. शंभर मीटरची अंतिम फेरी १५ ऑक्टोबरला झाली. स्मिथ आणि कार्लोस यांनी विजयमंचावर काळे हातमोजे घालून मुठी उंचावल्या त्या १६ ऑक्टोबरला. तारखा नीट बघा. तिचा निषेध एक दिवस आधीचा. त्यांचा फोटो सगळ्या जगानं पाहिला, हिच्या शॉर्ट्सकडे पत्रकारांचं लक्ष गेलं नाही.

त्या शर्यतीआधीचं तिचं चित्र मला फार आवडतं. आकाश भरून आलेलं, पावसाळी हवा. बाकीच्या मुली घशाला कोरड पडल्यासारख्या उभ्या, आणि ही आपल्या ब्लॉकपाशी हात-खांदे मोकळे सोडून चक्क नाचत होती, त्या वर्षी गाजणाऱ्या एका गाण्याच्या ठेक्यावर. स्वतःचं अंग सैल ठेवायला. मग बसली, बंदूक वाजली, ११.०८. नवा विश्वविक्रम. तिच्यामागे बार्बरा फेरेल आणि पोलंडची इरेना शेविन्स्का.

२० तारखेला रिले. टायस शेवटच्या टप्प्यावर, वेळ ४२.८८, पुन्हा सुवर्ण, पुन्हा विश्वविक्रम. तोवर स्मिथ आणि कार्लोस यांना घरी पाठवून दिलेलं होतं. तिनं उघडपणे सांगितलं की हे सुवर्ण त्या दोघांसाठी. ज्यांनी हिला विचारलं नव्हतं, त्यांच्यासाठी. माझ्या मते एवढ्या मोठ्या मनाचं काही त्या ऑलिम्पिकमध्ये दुसरं घडलं नाही.


सेकंदकाटा

शर्यतीबद्दल वाद नाही, पण मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. हवा विरळ, म्हणून कमी अंतराच्या शर्यतींत त्या वर्षी विक्रमांचा पाऊस पडला. शिवाय टोकियोचा ट्रॅक राखमातीचा होता, मेक्सिकोचा कृत्रिम. तेव्हा ११.४ आणि ११.०८ ची थेट तुलना करू नये.


मैदानवेडी

मान्य, आणि ती तुलना मी करणारही नाही. पण विरळ हवा आठही जणींना सारखीच होती. त्या अंतिम फेरीत ११.१ च्या विश्वविक्रमात वाटा असलेल्या किमान चौघी होत्या : टायस, फेरेल, शेविन्स्का आणि सतरा वर्षांची मार्गारेट बेल्स. चार वर्षांत बायकांचं धावणं किती पुढे गेलं होतं बघा. १९६४ ला जिच्या मागे कुणी नव्हतं तिला १९६८ ला सगळ्या जगानं गाठलं होतं, आणि तरी ती पुढे राहिली. सलग दुसऱ्यांदा जिंकणं इतकं अवघड असतं ते यामुळे. नवीन मुली तुमच्या वेळेवरच डोळा ठेवून वाढलेल्या असतात.


सेकंदकाटा

चौघी एकाच विक्रमाच्या वाटेकरी, हे लक्षात नव्हतं. हातानं घड्याळ दाबून वेळ मोजायच्या काळात सेकंदाच्या दशांशापर्यंतच वेळ धरायचे, त्यामुळे असे सामायिक विक्रम व्हायचे. मुद्दा पटला.

भारताच्या अंगानं एक जोडतो. दुती चंदनं २०२१ मध्ये पतियाळाला ११.१७ चा राष्ट्रीय विक्रम केला. टायसचे ११.०८ त्याच्या त्रेपन्न वर्षं आधीचे.


पूर्वेकडची

दुतीचं नाव आलंच आहे तर. तीही विद्यापीठाचीच खेळाडू. भुवनेश्वरच्या केआयआयटीची. २०१९ ला नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिनं शंभर मीटरचं सुवर्ण घेतलं, ११.३२ सेकंदांत. त्याआधी २०१४ मध्ये शरीरातल्या संप्रेरकांचं कारण देऊन तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून ऐन वेळी काढलं होतं. तिनं क्रीडा लवादात दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादानं तो नियम स्थगित केला.

हे इथे लिहायचं कारण टोकियोची ती अंतिम फेरी. तिसरी आलेली पोलंडची एवा क्वोबुकोव्स्का. १९६७ मध्ये गुणसूत्रांच्या चाचणीवरून तिला महिला म्हणून अपात्र ठरवलं, तिचे विक्रम पुसले. वीस वर्षांची मुलगी. दाद मागायला तेव्हा तो लवादच नव्हता. त्या विजयमंचावर तीन मुली उभ्या होत्या, आणि तिघींनाही पुढे आपण कोण आहोत हे सिद्ध करत बसावं लागलं, प्रत्येकीला वेगळ्या कारणानं.


वांद्र्याची_लेक

आपल्याकडच्या एका नावाची नोंद हवी. मेरी डिसोझा, आमच्या वांद्र्याची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये शंभर आणि दोनशे मीटर धावली. स्वतंत्र भारताच्या बायका ऑलिम्पिकमध्ये उतरल्या त्या तेव्हाच पहिल्यांदा. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत दोनशे मीटरचं कांस्य, १९५४ ला मनिलात रिलेचं सुवर्ण. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, ओळखीपाळखीच्या लोकांनी वर्गणी काढून ते जमवले. माझी आजी ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणायची, "वांद्र्यातल्या बायका तिच्या पायांनी पळाल्या."


मास्तर_नदीकाठचे

आजींचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

ताई, टायसचं पुढे काय झालं?


मैदानवेडी

मास्तर, पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते तिनं शांतपणे जगलेलं आयुष्य आहे.

हौशीपणाचे नियम कडक, धावण्याचा पैसा घ्यायचा नाही. तेवीस वर्षांची असतानाच तिनं स्पर्धा सोडल्या आणि कॅलिफोर्नियात गेली. लग्न, मुलगी, पुढे दुसरं लग्न आणि मुलगा. १९७३ मध्ये व्यावसायिक धावपटूंची एक मालिका सुरू झाली, तेव्हा ती परत उतरली, साठ यार्डांसाठी. पहिल्या वर्षी अठरापैकी आठ शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी बावीसपैकी बावीस. म्हणजे पाय तेच होते, मधली वर्षं नियमांनी खाल्ली. १९७४ मध्ये टेनिसपटू बिली जीन किंग यांच्याबरोबर महिलांच्या खेळांसाठीची संस्था उभी करणाऱ्यांत ती होती. त्यानंतर बरीच वर्षं लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांतल्या मुलांना डोंगरातल्या शिबिरात झाडं, पक्षी, प्राणी शिकवायचं काम केलं. दुधाच्या फार्मवर वाढलेली मुलगी, तिला ते आवडलं असणार.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला ऑलिम्पिकचा ध्वज घेऊन चालणाऱ्यांत ती होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये लुईसनं त्याचं पहिलं शंभर मीटर जिंकलं. तिच्या गावी, ग्रिफिनला, १९९९ मध्ये १६८ एकरांचं मोठं उद्यान तिच्या नावानं झालं. ज्या गावात जवळच्या शाळेत तिला प्रवेश नव्हता, त्याच गावात आता सगळ्या रंगांची पोरं तिच्या नावाच्या मैदानावर खेळतात.

आणि हो, भाच्याला हा धागा पाठवला. त्याचा मेसेज आला : "मावशी, चूक झाली. पहिली व्यक्ती."


रिले_चौथी

भाच्याला शाबासकी. बावीसपैकी बावीस वाचून अंगावर काटा आला.

एक राहून गेलं. टोकियोच्या शंभर मीटरनंतर ईडिथ आणि ती, दोघींचं बिनसलं का? आमच्यात एक सेकंदाच्या फरकावरून मैत्रिणी दुरावलेल्या मी पाहिल्यात.


मैदानवेडी

नाही, मुळीच नाही. दोघींची मैत्री आयुष्यभराची. एकाच मातीत, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, रोज एकमेकींशी पळून दोघी मोठ्या झाल्या. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा वेग जर तुमच्या शेजारच्या लेनमध्ये रोज सरावाला असेल, तर तुमचा पहिला क्रमांक अर्धा तिचाच असतो.


नॅशव्हिलकर

गणपतीत बहिणीकडे अॅटलांटाला जाणार आहे. ग्रिफिन तिथून दक्षिणेला तासाभराच्या आत आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन जातो आणि उद्यानाच्या पाटीचा फोटो इथे टाकतो.


घाटमाथा

फोटोत पोरं पळताना येऊ द्या.